जरा बघा हं, आलेच मी

प्राची परब मासळी घ्यायला खाली निघाली होती. सुरुवात म्हणाल तर एवढीच. बुधवारची सकाळ, वरणाचा कुकर नुकताच उतरलेला, आणि कोळीण गेटवरून फोनवर फोन करत होती, "ये गो लवकर, तुमचा हा वॉचमन मला वर सोडत नाय. बोंबलाचं पाणी व्हायला लागलंय इथे."

चाळ होती तेव्हा हीच बाई पाटी घेऊन दारोदार यायची, उंबऱ्यात बसून बायकांशी भांडायची आणि चहा पिऊन जायची. आता लालबागच्या त्या साळगावकर चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला. चाळीतली माणसं आधी ट्रान्झिट कॅम्पच्या तात्पुरत्या खोल्यांत गेली, काही तिथेच म्हातारी झाली, काही तिथेच संपली, आणि उरलेल्यांच्या हातात चाव्या आल्या. संडास घरात, लिफ्ट दारात. परबांना अगदी वरचा मजला मिळाला. त्या मजल्यावर दुसरं कोणी अजून राहायला आलेलं नव्हतं. बाकीच्या दारांच्या कड्यांवरचं प्लास्टिकसुद्धा कोणी काढलं नव्हतं.

आता खाली जायचं तर हेरंबचं काय करायचं? प्राचीचा हा मुलगा, तिसरं लागलेला, त्या वेळी पॉटीवर बसला होता. बसला होता म्हणजे काय, ऊठ म्हटलं तर उठत नव्हता आणि बसून काही करतही नव्हता. एका हातात रिमोट, दुसऱ्या हातात सकाळची अर्धी चपाती, केसांत काल रात्रीची खिचडी वाळून बसलेली. वरणभाताची वाटी समोर धरली तरी तो तोंड उघडत नव्हता. उचलायला गेली तर त्याने अशी काही किंकाळी फोडली की तिने हात सोडून दिले. रात्रभर जागरण झालेलं. ते पोर जन्माला आल्यापासून एक रात्र सलग झोपलेलं नाही, आणि त्यामुळे तीही नाही. डोक्यात नुसती रेती भरल्यासारखी झाली होती.

मग तिने काय केलं, तर दार उघडलं, पिशवी घेतली आणि रिकाम्या पॅसेजमध्ये आवाज टाकला, "जरा बघा हं याच्याकडे, आलेच मी!"

हसू नका. चाळीत वाढलेल्या कोणत्याही बाईने हेच केलं असतं. प्राची चिंचपोकळीच्या चाळीत जन्मली आणि लग्न होऊन आली तीही चाळीतच. तिथे पोर सांभाळायला कोणाला नेमावं लागत नाही. गॅलरीत आवाज टाकायचा आणि निघायचं. कोणाला सांगितलं हे बघत बसायचं नसतं. कोणीतरी आतून म्हणतंच, "हो, ठेव." ज्याने ऐकलं त्याचं ते काम. आणि उद्या त्याने आवाज टाकला की आपण "हो" म्हणायचं. नाही म्हणायची पद्धतच नाही.

लिफ्टचं दार मिटता मिटता तिला उत्तर ऐकू आलं. बाईचाच आवाज, जरा बसलेला, मालवणी.

"ठेव गो. बघतंय मी."

बरं वाटलं तिला. लिफ्ट बरीच खाली आली तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. वर आहे कोण?

बोंबील कसे घेतले, पैसे किती दिले, तिला काही कळलं नाही. परत येताना मेली लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत होती. कोणी पेपरवाला, कोणी कुत्रं घेऊन, कोणी नुसतंच बटण दाबून गायब. प्राची आत उभी राहून देवाचं नाव घेत होती. दार उघडलं तशी ती धावली.

हेरंब हॉलच्या मधोमध सतरंजीवर मांडी घालून बसला होता. आंघोळ झालेली. केस धुऊन, तेल लावून, भांग पाडलेला. मानेला पावडर, गालावर काजळाची तीट. वरणभाताची वाटी चाटूनपुसून रिकामी. पॉटी धुऊन बाथरूममध्ये उपडी घातलेली. आणि सगळ्या घरात वास भरला होता, ओवा आणि वेखंडाच्या धुरीचा. बाळंतिणीच्या खोलीत येतो तो वास. विस्तव ठेवायला या घरात कोळशाची शेगडी नव्हती. काजळ तर डॉक्टरांनी नको म्हटल्यापासून तिने आणलंच नव्हतं.

"हेरू, कोण आलं होतं रे?"

हेरंबने तिच्याकडे पाहिलं आणि जांभई दिली. मग तिथेच आडवा झाला आणि झोपला. भरदिवसा, न थोपटता. हे तर आजवर कधीच झालं नव्हतं.

नवरा विनीत विमानतळावर सामानाच्या विभागात शिफ्ट ड्युटी करायचा. संध्याकाळी आला तसं तिने त्याला सगळं सांगितलं.

"अगं, डक्टमधून आवाज येतात," तो बूट काढत म्हणाला. "खालच्या मजल्यावरचं कोणीतरी बोललं असेल."

"आणि आंघोळ? ती पण डक्टमधून आली?"

"तूच घातली असशील. तुला हल्ली काही आठवतं का? परवा माझ्या चहात मीठ टाकलंस."

टाकलं होतं खरं. पण दुसऱ्या दिवसापासून तिने पोराला नजरेआड केलं नाही. दार बंद, कडी वर, वरून साखळी. संडासला जाताना त्याला कडेवर घेऊन जायची. मासळी बंद झाली. कचऱ्याची पिशवी विनीतकडे. असं किती दिवस निभतं, तुम्हीच सांगा.

त्यातच हेरंबला ताप आला. लहान पोराचा ताप म्हणजे काय असतं ते ज्याने काढलंय त्यालाच ठाऊक. औषध पाजलं की ओकायचा, चादर बदलली की परत ओकायचा, कडेवरून खाली ठेवलं की आकांत. सासूबाई गावी गुडघा धरून बसलेल्या, आई मागच्याच वर्षी गेलेली. विनीतला डबल ड्युटी. ताप उतरला तरी किरकिर उतरली नाही. एका दुपारी प्राची ओकारीची चादर चोळत बाथरूमच्या फरशीवर बसली होती आणि हेरंब तिच्या पाठीवर खेळण्यातला ट्रक आपटत होता. ट्रक जोरात लागला. तिने गर्रकन वळून हात उगारला. हात वरच राहिला, पण पोराच्या डोळ्यांत तिने जे पाहिलं त्याने ती आतून हलली. आपण याला आज मारणार, तिला स्पष्ट कळलं. आणि मारायला लागलो की थांबणार नाही.

ती उठली. साखळी काढली, कडी काढली. पॅसेजमध्ये दुपारचं ऊन पार शेवटच्या दारापर्यंत पडलं होतं. कोणी नव्हतं. लिफ्टचा तेवढा घुं घुं आवाज.

"जरा बघा हं..." ती हळूच म्हणाली. या वेळी मोठ्याने म्हणायचा धीर झाला नाही. "जरा वेळ... मी पडते."

मग, अगदी जवळून,

"पड गो. बघतंय मी."

तुम्ही म्हणाल, आई आहे की कोण? म्हणा बापडे. तिनेही स्वतःला तेच विचारलं. पण पाय आतल्या खोलीकडे वळले, गादीवर अंग पडलं, आणि ती झोपली. झोपेत तिला थोपटण्याचा आवाज येत राहिला. कोणीतरी कोणालातरी थोपटत होतं, सावकाश, न कंटाळता. जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती आणि हेरंब न्हाऊन, जेवून, तीट लावून शेजारी पडला होता. प्राची रडली. भीतीने नाही हो, सुखाने रडली. अंगातला सगळा ठणका गेला होता.

मग काय, रोजचंच झालं. दुपारी दार उघडायचं, दोन शब्द टाकायचे, आत जाऊन पडायचं. बाई कधी दिसली नाही. प्राचीनेही कधी बघायचा प्रयत्न केला नाही, आणि ते मुद्दामच. विनीत म्हणाला, "तुझा चेहरा सुधारलाय हां." सासूबाई फोनवर म्हणाल्या, पोरगं शहाणं झालंय. फक्त एकदा तिने हेरंबला भरवताना विचारलं, "ती तुला मारत नाही ना रे?"

"नाय," हेरंब तोंडातला घास गालात सारून म्हणाला. "तिला पण बाळ आहे."

"कुठे असतं ते?"

त्याने चमच्याने पॅसेजकडे दाखवलं. "रडतं ते. तिला झोपच नाय."

प्राचीने पुढचा घास भरवला. विचार करायचा नाही असं तिने ठरवून टाकलं होतं.

एका सकाळी ती ओट्यापाशी कणीक मळत होती. हेरंब हॉलमध्ये गाड्यांची रांग लावत होता. भाजी करपू नये म्हणून एक डोळा गॅसवर, दूध उतू जाऊ नये म्हणून दुसरा. अशात दारातून हाक आली.

"गो... जरा बघ हां माझ्या बाळाक. इलंयच मी."

"हो, ठेवा," प्राची म्हणाली.

म्हणून गेली. हात कणकेत, मन भलतीकडे, आणि लहानपणापासून अंगात मुरलेलं उत्तर. तोंडातून निघाल्यावर तिला समजलं. दुधाने पातेल्याचा काठ ओलांडला. दाराकडे मान वळवायची तिची छाती होईना... आणि मग तिच्या पोटरीला काहीतरी टेकलं. थंड, ओलसर, हलकं. लहान मूल पायाला येऊन बिलगतं ना, तसं. हेरंब समोर हॉलमध्ये गाड्या लावत होता.

पॅसेजमधून पावलांचा आवाज आला नाही. पण धुरीचा वास मात्र कमी होत गेला. लिफ्टपर्यंत गेला आणि संपला.

आपण म्हणतो, पोर किती त्रास देतं. दिसणारं पोर परवडलं हो. ते रडलं तर त्याला बघता येतं, काय हवं ते विचारता येतं. हे दुसरं दिसत नव्हतं. हेरंब झोपला की ते जागं व्हायचं. मोरीच्या बंद दारामागे कुईकुई करायचं. तिचा गाऊन खालून ओढत राहायचं, ती चालेल तिथे. फरशीवर मधेच ओल व्हायची, पुसली की पुन्हा. तिने घाबरत घाबरत एका ताटलीत मऊ भात कालवून कोपऱ्यात ठेवला. भात तसाच राहिला, पण रडणं जरा वेळ थांबलं. मग रोज ठेवणं आलं. झोपताना उजव्या हाताला हेरंब आणि डाव्या दंडावर ते वजन. हळूहळू मुंग्या यायच्या, मग हात बधिर व्हायचा. काढून घेतला की घरभर तो बारीक सूर सुरू.

रोज दिवेलागणीला ती दारात उभी राहायची. "ओ ताई... न्या ना आता. संध्याकाळ झाली." पहिल्यांदा विनवून, मग चिडून, मग रडून. "मी काय ठेवून घेणार नाही हां! माझं एक आहे, मला झेपत नाही!" उत्तर कधीच आलं नाही. त्या बाईला झोप मिळाली होती. ती कशाला परत येते?

विनीतला काही जाणवत नव्हतं. निदान तो तसं म्हणायचा. पण एक दिवस ड्युटीवरून आला तो मोबाइल बघत बघत, आणि उंबऱ्याच्या आत आल्यावर त्याने पाय चांगला वर उचलून टाकला, खाली पडलेलं काहीतरी चुकवावं तसा, आणि हात धुवायला गेला.

"काय ओलांडलंस?" प्राचीने विचारलं.

"कुठे काय?"

"आता... पाय उचललास ना?"

"काय बोलतेस प्राची? झोप जरा." त्याच्या आवाजात काळजी होती, पण तो तिच्याकडे बघत नव्हता.

झोप म्हणे. तिला हसू आलं आणि ते थांबेचना, तेव्हा विनीतने हेरंबला उचलून दुसऱ्या खोलीत नेलं.

याच सुमारास मजल्यावर बिऱ्हाड आलं. शेवटच्या दारावरचं प्लास्टिक निघालं, तोरण लागलं. मेघना नावाची मुलगी, पहिल्या खेपेची, पदरात काही महिन्यांचं बाळ. नवरा कामावर गेला की दिवसभर एकटी. जुन्या चाळीतल्याच एका घरातली सून, म्हणून दार सताड उघडं टाकायची. पहिल्याच दिवशी साखरेची वाटी घेऊन आली.

"ताई, तुम्ही आहात म्हणून बरं झालं. मला तर बाई एकटीला घर खायला उठतं. मजल्यावर हाकेला कोणीतरी पाहिजे ना?"

प्राचीने तिचे डोळे पाहिले. खाली काळी वर्तुळं, खांद्यावर बाळाच्या दुधाचा डाग. आपलेच मागचे दिवस दारात उभे आहेत असं तिला वाटलं. "दार लावून घेत जा गं," ती म्हणाली. "हाक आली तर पटकन हो म्हणू नको." मेघना हसली. सासूबाईंसारखं बोलताय, म्हणाली.

प्राचीला तेव्हा तिची खरीच माया आली होती. ती थोडे दिवस टिकली. मग रात्री येतच राहिल्या, एकामागून एक, डाव्या हाताला मुंग्या, कानात तो सूर. गॅस चालू ठेवून ती एकदा उभ्या उभ्या झोपली. एकदा हेरंबचा हात रस्त्यात सोडला आणि टॅक्सीवाल्याने करकचून ब्रेक मारला. तो खाली उतरून तिला शिव्या देत होता आणि तिला त्याचं तोंड हलताना नुसतं दिसत होतं. हेरंब आज माझ्या हातून मेला असता, एवढाच एक विचार तिच्या डोक्यात शिल्लक राहिला.

घरी येऊन तिने हेरंबला जेवू घातलं, झोपवलं, अंगावर पातळ चादर टाकली. मग डावा हात खाली सोडला आणि थांबली. थोड्या वेळाने तिच्या करंगळीला लहान, गार बोटं चिकटली.

"चल," ती म्हणाली. "काकूकडे जाऊ."

पॅसेज तेवढाच होता, पण संपता संपत नव्हता. मेघनाचं दार उघडं. ती आत मोरीत पाटावर बसून, पाय लांब करून, पायांवर बाळ पालथं घालून तेल चोळत होती. पाठ दाराकडे. बाळ टाहो फोडत होतं आणि ती दमलेल्या आवाजात "झालं झालं" म्हणत होती.

जाऊ या परत, असं एकदा वाटलं. खरंच वाटलं. पण त्याच वेळी करंगळीला ओढ बसली.

"मेघना," ती म्हणाली. "जरा बघशील गं बाळाकडे? आलेच मी..."

"हो ताई, ठेवा," मेघना मागे न बघताच म्हणाली.

प्राचीने करंगळीवरची बोटं एकेक करून सोडवली. ती सुटताना रडली नाहीत, याचं तिला आश्चर्य वाटलं. उलट शेवटचं बोट घट्ट धरून राहिलं होतं, उबदार झालं होतं. तिने ते सोडवलं आणि वळली. मागे बघितलं नाही. घरी येऊन कडी घातली, हेरंबच्या शेजारी पडली, त्याच्या अंगावर हात टाकला आणि पार मेल्यासारखी झोपली.

किती वेळ गेला कोण जाणे. जाग आली ती शांततेने. घर शांत, मोरी शांत, डावा हात हलका. प्राचीला वाटलं, सुटले. असं पडून राहावं नुसतं, चहासुद्धा नको.

शेजारची जागा रिकामी होती.

"हेरू?"

तो हॉलमध्ये होता. बंद दारासमोर, भिंतीला टेकून, पाय जुळवून बसला होता. पायात चपला घातलेल्या, दोन्ही बरोबर, ज्या त्याला कधी घालता येत नसत. कपडे स्वच्छ. रिमोट नाही, गाड्या नाहीत, काही सांडलेलं नाही. नाकावरचा ओरखडा त्याचाच. कपाळावर येणारी बट त्याचीच.

"काय रे राजा, असा काय बसलास? भूक लागली?"

त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. दुसऱ्याच्या घरी मुलं बसतात तसा संकोचून तो जरा सावरून बसला.

"काकू," त्याने विचारलं, "माझी आई कधी येणार?"

प्राची दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. पॅसेजच्या त्या टोकाला मेघनाच्या घरात कोणीतरी आतून जोरजोरात दार बडवत होतं. लहान हातांनी, खालच्या बाजूला. भिंतींतून शब्द कळत नव्हते, पण ओरडणारा आवाज हेरंबचा होता. प्राचीला धावायचं होतं. पण समोर ते मूल उत्तराची वाट बघत बसलं होतं, हातांची घडी घालून, शहाण्यासारखं.

"येईल हं बाळा," प्राची म्हणाली. "आत्ता येईल."